महानंदाची सांगड

जावयाला सत्तावीस आले आणि पोटच्या पोरीला तेवीस.

“परत मोजा,” प्रणिता म्हणाली. “मघाशी बाळ रडत होतं, माझं लक्ष तिकडे होतं.”

प्रमिला सिस्टरांनी मुकाट्यानं पट्ट्या पुसल्या. एक महानंदाच्या मनगटावर बांधली, दुसरी प्रणिताच्या. मायलेकींनी पुन्हा हातात हात घेतले. पाच मिनिटं पडद्याकडे बघायचं नाही असं प्रणितानं ठरवलं होतं. ती पाचही मिनिटं पडद्याकडेच बघत राहिली. बावीस.

“एक कमीच झाला की,” दारात उभा असलेला प्रथमेश म्हणाला, आणि बायकोचा चेहरा बघून त्यानं पुढचं हसू गिळलं.

“जावई माझा गुणाचाच हाय,” खाटेवरून महानंदा पुटपुटली. “काय बी न बोलता बसतो.”

खरं तर ती खाट प्रणिताची होती. इचलकरंजीच्या या दोन खोल्यांत ती माहेरी आली होती, बाळंतपणाला. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाचं न्हाणं, सगळं आईनं करायचं ठरलेलं. इरा जन्मली आणि अकराव्या दिवशी महानंदाची कंबर अशी धरली की बाळाला पायांवर घेऊन बसलेली ती उठेचना. तपासण्या झाल्या. छातीतल्या गाठीचा आजार केव्हाच मणक्यात उतरला होता, आणि आता तो माघारी फिरणार नव्हता. बाळंतिणीची खाट आईला गेली, बाळंतीण खाली सतरंजीवर आली.

चार महिन्यांच्या फेऱ्यांनंतर मोठ्या दवाखान्यानं ‘आता घरी न्या’ म्हटलं तेव्हा प्रणिताला वाटलं, यांनी हात झटकले. तसं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पथक दारात हजर. औषधांसाठी डॉक्टर इनामदार, अंग-पाठ-पोट सांभाळायला प्रमिला सिस्टर, आणि कौस्तुभ नावाचा एक लांबुडका माणूस, जो बाकीचे विचारत नाहीत ते विचारायचा. घरात स्वयंपाक कोण करतं? झोप कुणाची होत नाही? कोण कुणावर रागावलंय? दर शुक्रवारी अकरा वाजता स्वयंपाकघरात बैठक. तिथं घरच्यांनाही बोलायचा हक्क, आणि महानंदाला चाकाच्या खुर्चीत बसवून मधोमध आणायचं.

पहिल्याच शुक्रवारी कौस्तुभनं विचारलं, “मावशी, तुम्हाला काय हवंय?”

‘बरं व्हायचंय’ असं ती म्हणेल म्हणून प्रणितानं आधीच डोळे पुसायची तयारी केली होती.

“नातीची उष्टावण,” महानंदा म्हणाली. “पहिला घास मामानं भरवायचा असतो. मामा न्हाई, तर मीच मामा. त्या दिवशी मी जागी पायजे, आनि हात कापाया नगो.”

डॉक्टरांनी ते फायलीच्या पहिल्या पानावर, औषधांच्याही वर, लिहून घेतलं. इरा सहा महिन्यांची व्हायला तेव्हा सहा आठवडे होते.

अडचण ‘जागी’ या शब्दाशी होती. मॉर्फिननं दुखणं थांबायचं, पण थांबण्याइतकं दिलं की महानंदा दिवसचे दिवस गुंगीत. कमी दिलं की ओठ चावून रक्त काढायची. म्हणून पथकानं सांगड आणली.

सांगड म्हणजे दोन पट्ट्या आणि एक पडदा. दोन माणसं हातात हात घेऊन निवांत बसली की त्यांचे श्वास हळूहळू एका चालीवर येतात, मागोमाग नाडीही. आणि अशा वेळी दुखणं थोडं उतरतं, हे शास्त्रज्ञांना बरीच वर्षं ठाऊक होतं. सांगड त्यापुढे एक पाऊल गेली. श्वास, नाडी, कातडीचा ओलावा, स्नायूंची बारीक थरथर असं सगळं ती वाचायची, आणि मनगटाखाली जाणवतील-न जाणवतील अशा टिचक्या मारत दोन शरीरांना एका ठेक्यात बांधायची. ठेका जुळला की मणक्यातून वर जाणाऱ्या दुखण्याच्या निरोपांवर मेंदू आपलं दार अर्धं लोटून घेतो. जुळणीचा आकडा साठच्या वर गेला तर मॉर्फिन निम्म्यावर आणता येई.

फक्त साठ कुणाचा येईल, ते नात्यावर ठरत नव्हतं. सांगडीला माया मोजता येत नव्हती. एका शरीराला दुसऱ्याची किती सवय आहे, तेवढंच तिला कळे.

“आईंचं आयुष्य कुणाबरोबर गेलं?” डॉक्टरांनी विचारलं. “म्हणजे, तासांच्या हिशेबानं?”

प्रणिताचे वडील ती चार वर्षांची असतानाच गेले होते. ती तोंड उघडणार, एवढ्यात खाटेवरून उत्तर आलं.

“आक्काताई. आक्काताई मगदूम. बावीस वर्षं.”

प्रणितानं आईच्या उशीची कड उगाच सरळ केली.

मागावर नवं बीम, म्हणजे ताण्याचा भला मोठा रूळ, चढवण्याआधी त्यातले हजारो धागे एकेक करून वहीच्या, म्हणजे तारांच्या चौकटीच्या, डोळ्यातून आणि फणीच्या दातातून ओवावे लागत. त्याला वहिफणीचं काम म्हणत. ते एकटीदुकटीचं नव्हे. एकीनं मागून धागा वेगळा करून पुढे धरायचा, समोरचीनं बारीक आकडी घालून तो ओढून घ्यायचा. धर, ओढ. धर, ओढ. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, तोंडासमोर तोंड. बायकांत हे काम करणाऱ्या मोजक्याच, आणि त्यांत महानंदा-आक्काताईची जोडी नावाजलेली. पुढे धागे ओवणारं यंत्र आलं आणि दोघी एकाच दिवशी घरी बसल्या.

पण त्याआधीची बावीस वर्षं! शाळा सुटल्यावर छोटी प्रणिता दप्तर पाठीला लावून कारखान्याच्या दारात उभी राहायची. आत आई आणि ती बाई. आई वर बघायची नाही. चौथीच्या स्नेहसंमेलनात प्रणिता मोर झाली होती, खऱ्या पिसांचा. आई आली नाही. “बीम अर्ध्यात हुतं. आक्की एकटी कशी करील?” आक्की एकटी कशी करील! मोर एकटा नाचला तर चालतं.

“त्या इथं नाहीत,” प्रणिता म्हणाली. “शिरोळला गेल्यात, मुलाकडे. फोनही लागत नाही.”

आक्काताई सहा गल्ल्या सोडून राहत होत्या. कालच दारात येऊन गेल्या होत्या, आणि प्रणितानं त्यांना सांगितलं होतं की डॉक्टरांनी भेटायला बंदी केलीय, जंतुसंसर्गाची भीती आहे. म्हातारीनं मान हलवली होती. “बरं बाई. लांबनं बघू का?” “नको. झोपलीय.” महानंदा तेव्हा टक्क जागी होती.

डॉक्टरांनी नाइलाजानं मॉर्फिन वाढवलं.

त्यानंतरचे नऊ दिवस प्रणितानं आईची सेवा अशी केली की बघणाऱ्यानं नाव काढावं. इराला एका कुशीला पाजत दुसऱ्या हातानं आईचे पाय चेपायचे. उशी सरळ कर, पाणी दे, कूस बदल. “दुखतंय का? आत्ता? आता कमी झालं का?” रोज दोनदा ती पट्ट्या बांधून बसायची. चोवीस. एकवीस. एकदा सव्वीस आले तर तिनं प्रथमेशला फोन केला. “तुझ्यापेक्षा एकानं कमी फक्त!” तो बिचारा म्हणाला, “माझा एक तुला दिला समज.”

महानंदा बहुतेक वेळ झोपलेली असे. जागी झाली की इराला ‘पनू’ म्हणे, प्रणिताच्या लहानपणच्या नावानं, आणि प्रणिताला कुणीतरी सिस्टर समजे.

रोज दुपारी बाराच्या ठोक्याला फाटकाच्या कडीला एक किटली अडकवलेली असायची. आक्काताईंची नाचणीची आंबील. पहिल्या दिवशी प्रणितानं ती मोरीत ओतायला घेतली होती. पण आईच्या पोटात दुसरं काहीच ठरेना, म्हणून वाटीभर दिली, ‘मीच केलीय’ म्हणून. आई ती घोट घोट प्यायची. मग रोजच तसं होत गेलं.

नवव्या दिवशी गुंगी जरा उतरली होती. प्रणितानं वाटी ओठाला लावली. महानंदानं एक घोट घेतला, डोळे मिटले आणि हळूच विचारलं, “शिरोळहून आंबील कोमट कशी गं येती?”

प्रणितानं वाटी खाली ठेवली.

“मी... मी केलीय.”

“तू जिरं कच्चं घालतीस. ती भाजून घालती.” तिनं पदरानं ओठ टिपले. “पैल्या दिवशीच कळलं मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? तुला नगो वाटतंय न्हवं ती. असू दे. तुझा हात धरून बसते की मी.” आणि तिनं खरंच हात पुढे केला. तो कापत होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. बैठकीत डॉक्टर म्हणाल्या की असंच चाललं तर उष्टावणीच्या दिवशी आई जाग्या असतील असं त्या सांगू शकत नाहीत. कौस्तुभनं वही उघडली.

“आक्काताईंचा काही पत्ता? शिरोळला आमचंही पथक आहे. घरी जाऊन निरोप देतील.”

प्रणितानं इराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. ती काही बोलायच्या आत चाकाच्या खुर्चीतून आवाज आला.

“नगं बाबा. तिच्या सुनंचं काय तरी चाललंय तिथं. कामात असंल ती. येईल तवा येईल.”

महानंदाच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. खुर्चीचा दांडा तिनं असा धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. लेकीचं खोटं ती आपल्या मणक्यावर तोलत होती.

“शिरोळला नाहीत त्या,” प्रणिता म्हणाली. “इथं आहेत. सहा गल्ल्या सोडून. मी खोटं बोलले.”

इरा तिच्या मंगळसूत्राशी खेळत होती.

“रागवा ना कुणीतरी!” प्रणिताला हुंदका आवरेना. “नऊ दिवस गेले तिचे. माझ्यामुळं.”

“गेलेच,” डॉक्टर इनामदार म्हणाल्या. त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही. “ते परत येणार नाहीत. आज दुपारी त्यांना बोलवा.”

प्रमिला सिस्टरांनी फाईल प्रणितापुढे सरकवली. पहिल्या पानावर ‘रुग्ण’ या शब्दापुढे दोन नावं होती. महानंदा आणि, तिच्याखाली, प्रणिता.

“आम्ही पहिल्या दिवसापासून दोघींनाच बघतोय,” सिस्टर म्हणाल्या. “तुझं दुखणं कुठं आहे ते आज कळलं.”

आक्काताई आल्या त्या चपला हातात घेऊनच, जंतूंच्या भीतीनं. अंगानं काटकुळ्या, केस पांढरेफटक, जाड भिंगाचा चष्मा. बंदी उठली कशी, एवढंच त्यांनी विचारलं.

“बंदी नव्हती,” प्रणिता म्हणाली. “मी सांगितलं होतं तसं.”

आक्काताईंनी तिच्याकडे भिंगांतून बराच वेळ पाहिलं. “लई पल्ला मारायला लावलास गं,” एवढंच म्हणाल्या. “सहा गल्ल्यांचा.”

मग त्या खाटेशी बसल्या.

“आलीस व्हय,” महानंदा म्हणाली.

“मंग काय करू? वाळलीस किती. वहीच्या डोळ्यातनं जाशील.”

“तू जाडी झालीस.”

“व्हय, दिसतंय की.”

एवढंच बोलणं. सिस्टरांनी पट्ट्या बांधल्या. दोघींनी हात हातात घेतले. पडद्यावर आकडा चढत गेला. एकतीस, अठ्ठेचाळीस, सहासष्ट. चौऱ्याऐंशीवर जाऊन थांबला. महानंदाचे खांदे, जे दोन महिने कानांशी चिकटले होते, ते खाली आले. तिनं लांब श्वास सोडला, आणि त्याच क्षणी आक्काताईंनीही.

प्रणिताला आनंद व्हायला हवा होता. तिनं आत जाऊन गॅसवर दूध ठेवलं आणि ते उतू जाईपर्यंत बघत उभी राहिली. काच पुसून घ्यावी तसं आईच्या चेहऱ्यावरून दुखणं पुसलं गेलं होतं, आणि तो हात तिचा नव्हता. चौऱ्याऐंशी! हा आकडा त्या बाईनं प्रणिताच्याच संध्याकाळींतून, तिच्याच मोरपिसांतून उचलून नेला होता. डॉक्टरांना सांगून टाकलं म्हणून मत्सर काही बाहेर जात नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. तो पाट मांडून बसतो.

चौथ्या दिवशी मॉर्फिन निम्म्यावर आलं. महानंदा दुपारभर जागी राहायला लागली, इराला ‘इरा’ म्हणायला लागली. आक्काताई सकाळी नऊला येत, पाचला जात, जुन्या पाळीसारख्या.

“काय बोलायच्या हो तुम्ही दोघी?” एकदा प्रणितानं विचारलंच. आवाजातला काटा लपला नाही. “बावीस वर्षं?”

“बोलायचं कुठलं?” आक्काताई म्हणाल्या. “बोललं की धागा चुकतो. गप बसायचो.”

त्याच संध्याकाळी सिस्टरांनी तिला तिचा आलेख दाखवला. आईची रेघ, तिची रेघ. आई जराशी हलली की प्रणिताची रेघ सपाट व्हायची.

“हे काय?”

“तू श्वास धरून ठेवतेस. त्या हलल्या की तू थांबतेस, दुखलं का म्हणून. मग विचारतेस. मग त्या उत्तर देण्यासाठी थांबतात. दोघींची चाल रोज शंभर वेळा मोडते. आक्काताई श्वास धरत नाहीत. त्या पुढचा धागा द्यायला मोकळ्या.”

प्रणितानं दोन दिवस ते मनात घोळवलं. तिसऱ्या दिवशी, इरा झोळीत झोपल्यावर, ती आक्काताईंसमोर जाऊन बसली. “मला शिकवा.”

“काय?”

“धागा द्यायला.”

म्हातारीनं घरून एक मोडकी वही, फणीचा तुकडा आणि सुताची लड आणली. महानंदाच्या खाटेशेजारी दोन पाट टाकले. प्रणिता धागा धरायची, आक्काताई आकडीनं ओढायच्या. पहिल्या दिवशी वीस धाग्यांत बारा चुकले.

“आगं, माझ्या तोंडाकडं काय बघतीस? बोटांकडं बघ.”

“घाई करती ती,” खाटेवरून महानंदा. “ल्हानपणापास्नं.”

“तू गप गं. तुझी पाळी संपली.”

महानंदा हसली. तिचं हसू ऐकून प्रणिताच्या हातून आणखी एक धागा सुटला.

रोज तासभर असं चाले, आणि मग ती आईबरोबर पट्ट्या बांधून बसे, न विचारता. एकोणतीस. चौतीस. एक्केचाळीस. इरा उठली की तिला पदराखाली घेऊन तशीच बसे. आकडा चढत होता, पण दिवस त्याहून भराभर संपत होते.

उष्टावणीचा दिवस उजाडला तेव्हा तो चव्वेचाळीसवर होता.

सकाळी दहा वाजता महानंदाला उशांना टेकवून बसवलं. पायांवर तिचीच ठेवणीतली निळ्या काठाची चादर घातली. प्रथमेशनं चांदीची वाटी मांडली. खीर प्रणितानं केली होती, आक्काताईंनी चाखून ‘बरी हाय’ म्हटलं होतं. डॉक्टर, सिस्टर आणि कौस्तुभ भिंतीला टेकून उभे होते, लग्नघरातल्या पाहुण्यांसारखे अवघडलेले.

सिस्टर पट्टी घेऊन पुढे आल्या. आक्काताईंनी आपला हात मागे घेतला.

“तिला बांधा,” त्या म्हणाल्या. “आज लेकीनं बसायचं.”

महानंदानं प्रणिताकडे पाहिलं. तिचा डावा हात चादरीवर उघडा पडला होता, तळवा वर.

प्रणिता त्या हाताकडे बघत राहिली. या एका क्षणासाठी तिनं काय नसतं दिलं? चौथीपासून ती याच हाताची वाट बघत दारात उभी होती. आता दार उघडं होतं, आणि म्हातारी स्वतः बाजूला झाली होती. चव्वेचाळीस. चव्वेचाळीसमध्ये दुखणं अर्धं थांबतं. अर्धं थांबलं तर चमचा कापणार. कापला तर आई हसून म्हणेल, असू दे.

“नको,” प्रणिता म्हणाली. पट्टी घेऊन तिनं ती स्वतः आक्काताईंच्या मनगटावर बांधली, जरा करकचूनच. “आज तिला दुखायला नको.”

मग ती इराला मांडीवर घेऊन आईसमोर बसली, आणि तिला राहवलं नाही.

“पण फोटोत तुमचा हात यायचा नाही हां, आक्काताई. चादरीखाली घ्या.”

पहिली हसली ती आक्काताईच. “आई गं! महानंदे, तुझी पोरगी लई द्वाड.”

“माझीच हाय,” महानंदा म्हणाली.

दोन हात चादरीखाली गेले. पडद्यावर आकडा चढला. प्रणितानं तिकडे पाठ केली होती. महानंदानं उजव्या हातानं चमचा उचलला. तो जराही कापला नाही. इरानं नवीन चव जिभेवर घोळवली, भुवया उडवल्या, अर्धी खीर हनुवटीवर सांडली आणि अजून हवी म्हणून आजीचं बोट धरलं. प्रथमेशनं फोटो काढला.

महानंदा त्यानंतर सतरा दिवस होती, त्यांतले तेरा जागी.

महिन्यानंतर प्रणिता तो फोटो मोठा करून घ्यायला स्टुडिओत गेली. इरा कडेवर होती. पोरसवदा मालकानं फोटो पडद्यावर ताणला. आजीचा चेहरा, चमचा, बाळाचं उघडं तोंड. खाली निळ्या काठाची चादर, आणि चादरीखाली, डाव्या बाजूला, एक उंचवटा. नीट पाहिलं तर फोटोच्या कडेला आक्काताईंच्या चष्म्याचं एक भिंगही डोकावत होतं.

“ताई, हा खालचा भाग उगाच येतोय,” तो म्हणाला. “चादर कापून टाकू? चेहरे मोठे दिसतील.”

प्रणिता त्या उंचवट्याकडे बघत राहिली. पाट मांडून बसलेला तो मत्सर जरासा हलला. इरानं कडेवरून पडद्याकडे हात केला आणि प्रणितानं थांबलेला श्वास सोडला.

“नको,” ती म्हणाली. “चादर राहू दे. आणि दोन प्रती काढा.”